पोकर: किती पैसे घेऊन बसावं आणि धीर कुठून आणावा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय सव्वीस, इंदूरच्या विजय नगरला आयटीत नोकरी, वर्षभर शनिवारी मित्रांसोबत पोकर, मग गोव्याला दोन चकरा. तीस हजारांचे चार महिन्यांत एक लाख दहा हजार झाले, आणि मग एका रात्रीत मोठ्या टेबलावर बसून सगळे गेले, वर क्रेडिट कार्डावरून काढलेले चाळीस हजारही गेले. आता विचारतोयस की धीर कसा आणायचा, किती पैसे बाजूला ठेवून खेळायचं, आणि मित्र एक बाहेरच्या देशातलं अ‍ॅप सांगतोय ते घ्यावं का.

तुला सरळ ‘तू’ म्हणतोय, राग मानू नकोस, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे. मी इंदूरचाच, रामबागेतला. पोकरला सोळा-सतरा वर्षं झाली, त्यातली तेरा ऑनलाइन, साडेचार लाखांच्या वर हँड्स, म्हणजे पत्त्यांचे डाव, खेळून झाल्यात आणि प्रत्येक महिन्याचा हिशोब वहीत आहे. म्हणून जे सांगतो ते वहीतून सांगतो.

सगळे तुला म्हणतील धीर धर, घाई करू नको, चांगल्या पानांची वाट बघ. मलाही पहिली काही वर्षं हेच ऐकवलं गेलं आणि मला वाटायचं की आपला स्वभावच उतावळा, आपल्यात ती गोष्टच नाही. नंतर कळलं की धीराचं मूळ स्वभावात कमी आणि पैशाच्या मांडणीत जास्त आहे. तोच मी, तीच पानं, समोर तोच माणूस, पण मागे चाळीस बाय-इन (एक बाय-इन म्हणजे एकदा टेबलावर बसताना घेतलेली रक्कम) ठेवलेले असले की गुलामाची जोडी शांतपणे फोल्ड करतो, म्हणजे पानं टाकून डाव सोडतो, आणि मागे काहीच नसलं की तीच जोडी सोडताना हात थरथरतो कारण डोक्यात पान नसतं, घरभाडं असतं.

तुझी ती रात्र बघ. ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधीच दोघांनी आळीपाळीने लावायची सक्तीची रक्कम, 250-500. त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड, म्हणजे शंभर बिग ब्लाइंडचा बाय-इन पन्नास हजार. तुझ्याकडे एक लाख दहा. म्हणजे दोन बाय-इन, वर जेवणापुरते. दोन बाय-इनवर धीराने खेळणारा माणूस मी अजून बघितला नाही, आणि तुझं काही चुकलं असेल तर ते तिथे बसताना चुकलं, पहिलं पान वाटायच्या आधीच.

आता आकडे सांगतो, जरा सावकाश वाच. नो-लिमिट होल्डेममधे (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, आणि समोरचे हवे तितके लावता येतात) चांगला खेळणारा माणूस शंभर हँड्समागे साधारण पाच बिग ब्लाइंड कमावतो असं धर, ही छान कमाई आहे. पण त्याच शंभर हँड्समधली वरखाली साधारण नव्वद बिग ब्लाइंडची असते. पाच कुठे आणि नव्वद कुठे. दहा हजार हँड्स खेळल्या तर कमाई व्हायला हवी पाचशे बिग ब्लाइंड, आणि नशिबाची झुलणी तेव्हाही नऊशेची. म्हणजे शंभर सारखेच चांगले खेळणारे घेतले तर दहा हजार हँड्सनंतर त्यातले एकोणतीस-तीस जण तोट्यात असतात, काहीही चूक न करता. आणि समोरासमोर टेबलावर तासाला तीसेक हँड्स होतात, तर दहा हजार म्हणजे तीनशे तेहतीस तास. आठवड्याला पाच तास बसलास तर सव्वा वर्ष. सव्वा वर्ष चांगलं खेळून हातात तोटा, हे दर तिसऱ्या-चौथ्या चांगल्या माणसाला होतं, आणि उलटही होतं बरं का, साधारण खेळणारा चार महिने जिंकत राहतो आणि त्याला वाटतं आपल्याला जमलं. तुझे चार महिने त्यातले होते की खरे होते हे मला सांगता येणार नाही, तुलाही नाही, शनिवारच्या सोळा बैठका आणि दोन चकरा इतकंच, त्यावरून कोणीच सांगू शकत नाही.

आता किती पैसे. हाच पाच आणि नव्वदवाला खेळाडू, एकाच स्टेकवर, म्हणजे त्याच ब्लाइंडच्या टेबलावर, खेळत राहतो, खाली उतरत नाही, बाहेरून पैसे घालत नाही असं धरलं, तर वीस बाय-इन असताना कधी ना कधी पूर्ण शून्यावर यायची शक्यता शंभरात आठ-नऊ. चाळीस बाय-इन असतील तर शंभरात एकाहूनही कमी. पण तो तितका चांगला नसेल, शंभर हँड्समागे दोनच बिग ब्लाइंड कमावत असेल, तर वीस बाय-इनवर शंभरात सदतीस आणि चाळीसवर चौदा. आणि तुझे दोन बाय-इन? चांगला खेळाडू धरूनही शंभरात अठ्ठ्याहत्तर. मी हा आकडा पहिल्यांदा स्वतः कागदावर मांडला तेव्हा पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो होतो, कारण मी स्वतः दोन वर्षं चार-पाच बाय-इनवर खेळत होतो आणि हरलो की पानांना दोष देत होतो.

आणि एक गोष्ट लोक सांगत नाहीत. जो माणूस खेळातच मागे आहे, दर शंभर हँड्सला देऊनच येतो, त्याला कितीही मोठा बँकरोल, म्हणजे खेळासाठी वेगळा ठेवलेला पैसा, वाचवत नाही, फक्त बुडायला वेळ लावतो. बँकरोल फक्त चांगल्या खेळणाऱ्याला वाईट दिवसांपासून वाचवतो, बाकी काही करत नाही.

हुशारीवर हे निभतं असं वाटत असेल तर स्टू अंगरचं उदाहरण घे. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा 1980, 1981 आणि मग 1997 ला जिंकली, पत्त्यांत त्याच्याइतकी बुद्धी फार कमी लोकांत होती असं त्याच्याशी खेळलेलेच सांगतात. 1997 ला दहा लाख डॉलरचं बक्षीस, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलात गेला तेव्हा जवळ आठशेच्या आसपास डॉलर होते. व्यसनही होतं, घोड्यांवर आणि मॅचवर लावणंही होतं, पण मुळात पैसा वेगळा ठेवणं हे त्याला कधी जमलंच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, खरंच.

याच्या उलट ख्रिस फर्ग्युसन, 2000 चा विजेता. त्याने 2006 मधे शून्य डॉलरवरून सुरुवात करून दहा हजारांपर्यंत जायचं ठरवलं आणि गेला. त्याचा नियम असा की कुठल्याही कॅश टेबलावर जवळच्या एकूण पैशाच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, टुर्नामेंटला दोन टक्के, आणि टेबलावरचा ढीग वाढत एकूण पैशाच्या दहा टक्क्यांवर गेला की ब्लाइंड यायच्या आत उठायचं. जिंकत असताना उठायचं, हे सगळ्यात अवघड. माझे काका सियागंजात किराणा मालाचा ठोक धंदा करायचे, त्यांनी पैसे लावून कधी पत्ता हातात धरला नाही, पण त्यांचाही हाच नियम होता की एका सौद्यात गल्ल्याच्या विसाव्या हिश्श्यावर माल उचलायचा नाही, भाव कितीही चांगला असो. आणि गल्ल्यातला पैसा घरात येणार नाही, घरातला गल्ल्यात जाणार नाही. घरात काही लागलं तर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम काकूंच्या हातात, बस. मी पोकरचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवायला लागलो ते त्यांचं बघूनच, कुठलं पुस्तक वाचून नाही. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलंच नाही, आणि ते फार उपयोगी पडलं.

माझा आकडा विचारशील तर नोकरी असलेल्या, हौसेने खेळणाऱ्याला कॅशसाठी तीस बाय-इन, आणि वीसवर आला की एक पायरी खाली, म्हणजे छोट्या ब्लाइंडच्या टेबलावर. खाली उतरण्यात लोकांना लाज वाटते, मित्र काय म्हणतील, पण वर चढायला सगळेच शिकतात, उतरायला शिकलेला टिकतो. टुर्नामेंटला शंभर बाय-इनही कमी पडतात, तिथे वरच्या मोजक्या जागांवरच बहुतेक पैसा असतो आणि बाकी महिनोनमहिने नुसती एंट्री जात राहते, त्या वाटेला सध्या जाऊच नकोस.

आता टेबलावरचा धीर. एक्क्यांची जोडी दर 221 हँड्सला एकदा येते. तासाला तीसच्या हिशोबाने सात तासांहून जास्त. आठ तासांची रात्र बसलास तर तीनातली एक रात्र अशी जाते की एक्के दिसतच नाहीत. एक्के, बादशहा, राणी तिन्ही जोड्या धरल्या तरी दोन तास काहीही न येण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीस. हे माहीत नसलं की माणसाला एक तासात वाटायला लागतं की आज पत्ते रुसलेत, आणि मग तो नव्वा-सत्ता एकाच रंगाचे म्हणून कॉल करतो, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे लावून डावात राहतो. एकाच रंगाची दोन पानं घेऊन फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांवर, पुरता फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागायची शक्यता शंभरात एकही नाही, आणि एक्का-बादशहा घेऊन फ्लॉपला गेलास तरी तीनातून दोनदा जोडी लागत नाही. ही पानं सोडायची असतात हे शिकायला मला दीड वर्ष लागलं.

नऊ जणांच्या टेबलावर मी शंभरातल्या पंधरा-अठरा हँड्स खेळतो. मग उरलेल्या ब्याऐंशी हँड्स काय करायचं? मोबाईल बघायचा नाही. खरं काम तेव्हाच असतं, स्वतःचे पैसे आत नसताना डोकं स्वच्छ चालतं. कोण फ्लॉप पडल्यावर पानांकडे न बघता लगेच आपल्या चिप्सकडे बघतो, कोण मोठा पॉट (मधे जमलेला पैसा) हरल्यावर पुढच्याच हँडला रेज करतो, म्हणजे रक्कम वाढवतो, कोण रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानाला, मोठं लावतो तेव्हा खरंच पान असतं, हे सगळं मी फोल्ड करून शिकलोय. कंटाळा येतो म्हणणारा माणूस मुळात बघत नसतो. सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री दहाला गेल्यावर गर्दी बघत उभं राहायला कंटाळा येतो का, तसंच आहे, समोर माणसं आहेत.

आणि धीराची दुसरी अर्धी बाजू फ्लॉपनंतर असते, ती लोक विसरतात. समज पॉट तीन हजारांचा, टर्न, म्हणजे चौथं पान, पडलाय, तुझ्याकडे चार बदाम झालेत, पाचवा हवाय. समोरच्याने दीड हजार लावले. तुला दीड हजार देऊन साडेचार हजार मिळू शकतात, म्हणजे चारातून एकदा तरी लागायला हवं. उरलेली पानं सेहेचाळीस, त्यात बदाम नऊ, म्हणजे शंभरात साडेएकोणीस. नाही पुरत. लागल्यावर तो अजून देईल अशी खात्री असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर फोल्ड. आपण आधीच एवढे घातलेत म्हणून थांबायचं हे कारणच नाही, घातलेले आता पॉटचे, तुझे नाहीत.

टिल्टबद्दल, म्हणजे हरल्यावर चिडून बेभान खेळण्याबद्दल. हा शब्द पिनबॉलच्या मशीनवरून आला, कोणी चिडून मशीन हलवलं की ते बंद पडायचं. 2016 ला माझं तेच झालं. चार महिने छान गेले, मी एक पायरी सोडून थेट दोन पायऱ्या वर गेलो, आणि नऊ दिवसांत चौदा बाय-इन हरलो. मी त्या सगळ्या हँड्स नंतर एकेक करून तपासल्या, महिनाभर रोज रात्री. चौदातले सहा पानांनी नेले, एक्क्यांवर बादशहांची जोडी शंभरात अठरा वेळा जिंकतेच, ते जिंकले. उरलेले आठ मी दिले. रात्री दोननंतर, झोप नसताना, परत मिळवायच्या हट्टाने. बायकोला सांगायला मला तीन आठवडे लागले, आणि तो लपवण्याचा काळ हरण्यापेक्षा जास्त जड गेला.

तेव्हापासून एका बैठकीत दोन बाय-इन गेले की उठतो. गणितवाले सांगतील की तू तसाच खेळत राहिलास तर उठून काही फरक पडत नाही, पुढच्या हँडला मागची आठवत नाही. बरोबर आहे. पण दोन बाय-इन हरल्यावर मी तसाच खेळत नाही, आणि तूही नाही, म्हणून उठायचं. तसंच जिंकलेल्या चिप्सना लोकांचे पैसे समजू नको. एक लाख दहापैकी ऐंशी हजार जिंकलेलेच होते असं तू लिहिलंस, ते ऐंशी हजार तुझेच होते रे, तुझ्या पगाराइतकेच खरे.

आता अ‍ॅप. नको. 2025 च्या ऑगस्टमधे संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणं, मग ते कौशल्याचं म्हणा की नशिबाचं, देशात देऊ करायला बंदी आली, बँकांना त्याचे व्यवहार करायलाही. आपल्या इथली अ‍ॅप्स काही दिवसांत पैशाची टेबलं बंद करून बसली, माझंही तेव्हाच थांबलं. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे खरं, पण तुझा धोका वेगळा आहे. ही बाहेरची अ‍ॅप्स पैसे भरायला कुठल्यातरी अनोळखी माणसाचं यूपीआय देतात, ते खातं फसवणुकीच्या साखळीतलं निघालं तर तुझं खातं गोठू शकतं, आणि काढताना पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करशील. बँकरोलचा सगळ्यात पहिला नियम पैसा परत काढता आला पाहिजे हा आहे, बाकी सगळे नंतर.

घरच्या शनिवारबद्दलही एक सांगतो. जिथे घरमालक पॉटमधून नाल, म्हणजे स्वतःचा हिस्सा, काढतो तिथे बसू नको, कायद्यात तो जुगाराचा अड्डाच होतो. आणि राज्याराज्यांत फरक आहे, बडोद्याचा माझा मावसभाऊ पूर्वी मला बोलवायचा, पण गुजरात हायकोर्टाने 2017 मधे पोकरला जुगारच ठरवलं, तेव्हापासून तिथे फक्त मेंढीकोट, आणि सुट्टीत तेही छान रंगतं.

राहिला गोवा. तीन रात्री, रोज आठ तास, म्हणजे 720 हँड्स. ब्लाइंड 50-100 धर. चांगल्या खेळाडूची त्यात अपेक्षित कमाई छत्तीस बिग ब्लाइंड, रुपये 3,600. आणि वरखाली चोवीस हजारांची. समोरासमोरची टेबलं सोपी असतात म्हणून कमाई दुप्पट धरलीस तरी सात हजार दोनशे, त्यात इंदूरहून जाणं-येणं आणि हॉटेल बसवून बघ. वर कसिनोत पत्त्यांवर जिंकलेल्यावर सरसकट 30 टक्के कर, सेस वेगळा, आणि हरलेल्या रात्री त्यातून वजा होत नाहीत. म्हणून मी आता वर्षातून एकदा जातो, लोक सिमल्याला जातात तसा, जाण्याआधी खर्च बाजूला काढून, आणि परत येताना काही उरलं तर बरं. सध्याच्या परिस्थितीत पोकर हे तुझ्यासाठी उत्पन्न होऊ शकत नाही, हे मला स्पष्ट लिहायलाच हवं, कारण तुझ्या प्रश्नात नोकरी सोडण्याचं एक वाक्य होतं. सोडू नको.

आत्ता काय करायचं ते सांगतो. ते कार्डाचे चाळीस हजार आधी फेड, कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि पोकरमधे एवढा परतावा देणारं टेबल नाही. ते फिटेपर्यंत एक रुपयाही लावू नको. शनिवारी मित्रांत बसायचं तर नुसत्या चिप्सवर बसा, शेवटी ज्याच्याकडे जास्त त्याला बाकीच्यांनी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत खिलवायचं, आम्ही आता तसंच करतो. आणि वही घे. तारीख, किती तास, किती हँड्स खेळलास, कुठल्या हँडला मोह आवरला आणि कुठल्याला नाही, आदल्या रात्री किती झोपलास, घरी काही वाजलं होतं का.

दोन गोष्टी मात्र खऱ्या सांग, मला नको, स्वतःला. घरी कोणाला माहीत आहे का? आणि हरलेलं परत मिळवायचा विचार दिवसातून किती वेळा येतो, कामात असताना, जेवताना? तो सारखा येत असेल तर वही आणि बँकरोल सगळं बाजूला ठेव आणि 14416 वर फोन कर, टेली मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, हिंदीत बोलतात. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या पाच जणांत दोघांना ती वेळ आली होती, तेव्हा असा नंबर नव्हता.

वडिलांना या रविवारी सांग. सकाळी पोहे-जिलेबी आणायला दोघं बरोबर जा आणि वाटेत सांग, घरात सगळ्यांसमोर नको. कार्ड फिटलं आणि वहीचे दोन महिने भरले की मग लिही, तेव्हा स्टेकचं बोलू.